भुंग्याची पिवळी पाठ

एका डोंगराच्या पायथ्याशी एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्याकडे एक मुलगी वनस्पतींची विद्या शिकायला होती. दोन वर्षांत तिने शेकडो झाडांचे गुणधर्म मुखोद्गत केले. वैद्यांनी मुळी पुढे केली, की डोळे मिटून केवळ वासावरून ती नाव सांगे.

वैशाखातल्या एका सकाळी मात्र ती गाठोडे बांधून त्यांच्यासमोर उभी राहिली.

“गुरुजी, मी घरी जाते.”

“का गं? कुणी काही बोललं का?”

ती खाली मान घालून म्हणाली, “लहानपणी बहावा फुलला की मी नुसती बघत उभी राहायची. आई हाका मारून दमायची. आज अंगणातला बहावा फुललाय, आणि मला काय आठवलं? शेंगेतला मगज, कोमट पाणी, सकाळी पोट साफ!”

वैद्य मोठ्याने हसले. तिच्या डोळ्यांतले पाणी दिसताच थांबले.

“हसू नका ना. आणखी शिकले, तर एकही झाड मला नुसतं बघता येणार नाही.”

“बरं, जा. पण त्याआधी त्या बहाव्यावरच्या भुंग्याची पाठ बघून ये.”

भुंग्याची पाठ? गुरुजींचे आता वय झाले, असे तिला वाटले. तरी ती गेली आणि परत येऊन म्हणाली, “काळ्या पाठीवर पिवळे पराग आहेत.”

“पराग तो खातो तोंडानं. मग पाठीला कसे लागले?”

ती पुन्हा गेली आणि खालच्या फांदीवरच्या एका फुलाशी वाकून उभी राहिली. बहाव्याच्या फुलात दहा पुंकेसर असतात, हे तिला माहीत होते. पण ते सारखे नव्हते! भुंगा मधल्या चार आखूड केसरांना बिलगून पराग खात होता, आणि तीन लांब, बाकदार केसर मागून हळूच त्याच्या पाठीवर पराग ठेवत होते. त्याला पत्ताही नव्हता. ती एकटीच खुदकन हसली.

ऊन डोक्यावर आले तेव्हा वैद्य तिच्याजवळ आले.

“पोरी, झाड आपल्या काय उपयोगाचं, एवढंच मी तुला शिकवलं. चूक माझी. पण झाड म्हणजे तेवढंच, असं समजून तूही बघायचं सोडून दिलंस. आनंद तिथं हरवला. विद्येला उगाच बोल लावू नकोस.”

“आणि हे उरलेले तीन इवलेसे केसर? ते कशासाठी?”

वैद्यांनी फूल बराच वेळ न्याहाळले. “चाळीस वर्षं बघतोय. मला नाही ठाऊक.”

चाळीस वर्षांनंतरही बघायचे उरते, हे ऐकून तिला केवढे तरी हायसे वाटले.