केराबाईचं पेव

तुमच्या आज्याचा आजा रांगत होता, तेव्हाची ही गोष्ट. निमखेडं तेव्हा गाव कसलं, नुसता आगीचा डोंब! पावसानं ओढ दिली की तिथं दोनच गोष्टी वाढायच्या, काळवाई देवीला बोललेले नवस आणि माणसांची डोकी फोडणाऱ्या कुऱ्हाडी. उद्या खायला मिळेल का, या धास्तीनं माणसं पिसाळायची. अशाच एका वर्षी रानोबा ढवळ्यानं कडब्याच्या गंजीपायी केराबाईच्या नवऱ्याला कुऱ्हाड घातली. रानोबा पळाला, तो परत आलाच नाही. मागं त्याची बायको आणि लेकरं राहिली.

केराबाईनं नवस बोलला नाही की डूख धरला नाही. तिनं घरामागं पेव खणलं, म्हणजे धान्य साठवायचा खोल खड्डा. सुगीत ती एकेका खळ्यावर जाऊन ठाण मांडायची. "पायलीभर जोंधळं घाला, मगच उठते!" बाई मोठी चिवट. लोक वैतागून घालायचे. अडल्यानं यावं आणि लागेल तेवढं न्यावं, असा तिचा नेम. नेणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून ती भिंतीकडं तोंड करून बसायची.

मग दुष्काळ पडला. एके दुपारी रानोबाची बायको टोपलं घेऊन आली. केराबाईचा दीर अंगणातच होता. तो कडाडला, "वहिनी, बघा तरी कोण आलंय! माझ्या भावाला खाल्लं ह्यांनी. झाका ते पेव!"

केराबाई हमसून हमसून रडली, असं म्हणतात. पण मान काही वळवली नाही. "भावजी, उपाशी घरातनंच कुऱ्हाड निघती. माझं कुंकू तसंच गेलं. भरू द्या तिला."

त्या वर्षी कितीही उपसलं तरी, पेवात बांबू खुपसला की धान्याचा तळ लागेना, असं म्हणतात. गावात भूकबळी नाही, मारामारी नाही. कुऱ्हाडी लाकडं फोडण्यापुरत्या उरल्या. नवसही आटले. देवळातला गुरव कुरकुरला, "कोंबडं न्हाई, नारळ न्हाई. देवी रुसंल!"

केराबाई हसली. "रुसती कशाला? गाऱ्हाणी ऐकून कान किटले व्हते तिचे. आता कुठं निवांत बसली आसंल बिचारी."

काळवाईची जत्रा आजही भरते. लोक गातात, पोटभर जेवतात आणि सुखानं घरी जातात. सुगी सरली की केराबाईच्या नावानं पेव उघडतात आणि सगळं गाव, सरपंचासकट, भिंतीकडं तोंड करून उभं राहतं. पण त्याआधी पहिलं टोपलं ढवळ्यांच्या सुनेचं. ते भरून तिच्या डोक्यावर द्यायचं काम केराबाईच्या दिराच्या घराण्याचं. आजवर त्यांनी ते एकदाही चुकवलेलं नाही.