करवंटीतली टिक टिक

अंगणात एक पाटी होती. पाटीत पेंढा होता. पेंढ्यावर कवडी नावाची खुडूक कोंबडी बसली होती. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र.

टक! एक अंडं फुटलं. टक! टक! आणखी फुटली. सगळ्यांत आधी आली टिमकी. इवलीशी. पिवळी पिवळी.

एक अंडं मात्र फुटलंच नाही. ते पाटीतून घरंगळलं आणि गार पडलं.

सगुणामावशीनं ते उचललं. "हे काही फुटत नाही बाई," ती म्हणाली. आणि तिनं ते करवंटीत ठेवून दिलं.

टिमकीनं करवंटीला कान लावला.

टिक टिक. टिक टिक.

"आई, आई! आत माझं भावंड आहे! त्याला पंखाखाली घे ना!"

कवडी म्हणाली, "माझ्या पंखाखाली ओली पिल्लं आहेत. मी कशी उठू? मावशी आणून ठेवेल, तर घेईन."

टुण टुण टुण. टिमकी गेली मावशीकडे.

"मावशी, मावशी, अंडं ठेव ना!
आई घेईना.
आत माझं भावंड आहे!"

"अगं चिमुरडे, नासकं असलं म्हणजे?" मावशी म्हणाली. "कोमट पाण्यात सोडून बघायचं. जिवंत अंडं पाण्यात हलतं. पाणी कोमट होईल, तर बघेन. हललं, तर ठेवेन."

टुण टुण टुण. टिमकी गेली पाण्याकडे.

"पाण्या, पाण्या, कोमट हो ना!
मावशी ठेवीना, आई घेईना.
आत माझं भावंड आहे!"

"मी? मी तर गारढोण!" पाणी म्हणालं. डुबुक! "चूल पेटेल, तर तापेन."

टुण टुण टुण. टिमकी गेली चुलीकडे.

"चूलबाई, चूलबाई, पेट ना!
पाणी तापेना, मावशी ठेवीना, आई घेईना.
आत माझं भावंड आहे!"

"माझ्या पोटात एकच निखारा," चूल म्हणाली. "गोवरी येईल, तर पेटेन."

टुण टुण टुण. टिमकी गेली गोवरीकडे.

"गोवरीताई, गोवरीताई, चल ना!
चूल पेटेना, पाणी तापेना, मावशी ठेवीना, आई घेईना.
आत माझं भावंड आहे!"

"कशी येऊ?" गोवरी कण्हली. "माझ्यावर हा गबदू बोका बसलाय. तो उठेल, तर येईन."

बोका ऊन खात होता. घुर्र घुर्र.

"बोकोबा, बोकोबा, उठा ना!
गोवरी येईना, चूल पेटेना, पाणी तापेना, मावशी ठेवीना, आई घेईना.
आत माझं भावंड आहे!"

बोक्यानं एक डोळा उघडला. "थंडीचे दिवस. छान ऊन. आणि म्हणे उठा! ऊन जाईल, तर उठेन." डोळा मिटला. घुर्र घुर्र.

टिमकी पळत करवंटीपाशी आली. कान लावला.

टिक… टिक…

अगंबाई! टिक टिक हळू झाली!

टुण टुण टुण टुण! टिमकी दगडावर चढली. मान वर केली.

"उन्हा, उन्हा, जा ना!
बोका उठेना, गोवरी येईना, चूल पेटेना, पाणी तापेना, मावशी ठेवीना, आई घेईना.
आत माझं भावंड आहे!"

ऊन म्हणालं, "ढग येईल, तर जाईन."

"ढगा, ढगा, ये ना!
ऊन जाईना, बोका उठेना, गोवरी येईना, चूल पेटेना, पाणी तापेना, मावशी ठेवीना, आई घेईना.
आत माझं भावंड आहे!"

ढग म्हणाला, "मला कुठे पाय आहेत? वारा ढकलेल, तर येईन."

वारा शेवग्यावर होता. शेंगांना लोंबकळून झोके घेत होता. टिमकी झाडाखाली गेली. पाय आपटला.

"वाऱ्या, वाऱ्या, ढकल ना!
ढग येईना, ऊन जाईना, बोका उठेना, गोवरी येईना, चूल पेटेना, पाणी तापेना, मावशी ठेवीना, आई घेईना.
आत माझं भावंड आहे!
आणि आता तू तरी 'तर' म्हणू नकोस!"

वारा हसला. "बरं बाई, नाही म्हणत. कुठे ढकलू ते सांग!"

फूऽऽऽ!

वाऱ्यानं ढकललं, ढग आला.
ढग आला, ऊन गेलं.
ऊन गेलं, बोका उठला. "हुडहुडी भरली! म्याँव!"
बोका उठला, गोवरी सुटली. गडगड गडगड, थेट चुलीत!
गोवरी आली, चूल पेटली. भग भग भग.
चूल पेटली, पाणी तापलं.

मावशीनं पाण्यात कोपर बुडवलं. "कोमट झालं हं." मग तिनं अंडं अलगद पाण्यात सोडलं.

सगळे बघायला लागले. कोंबडी बघते. बोका बघतो. वारासुद्धा थांबला.

अंडं हललं नाही.

टिमकी वाकली. "ए भावंडा! मी आलेय. हल ना!"

अंडं हललं नाही.

आणि मग… डुगडुग! डुगडुग डुगडुग!

"अगं बाई, जिवंत आहे की!" मावशी ओरडली. "टिमके, तुझंच खरं गं!"

तिनं अंडं पदरानं पुसलं. कवडीच्या पंखाखाली सारलं. कुर्र कुर्र. ऊब आली. खूप खूप ऊब आली.

टिक टिक. टिक टिक. टक!

पंखाखालून एक चोच आली. मग एक ओलं डोकं आलं. डोळे मिचमिच, मान लटलट.

टिमकी म्हणाली, "किती वेळ रे लावलास! चल, सरक तिकडे."

आणि ती त्याला चिकटून बसली.

अंडं फुटलं, पिल्लू आलं,
गोष्टीलासुद्धा पांघरूण मिळालं,
तीही निजली आईखाली.