तुपावाचून अडलेली पंगत

एका चातुर्मासात मी नेम धरला होता की रोज कुणाला तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पानावर बसायचे नाही. घरातली माणसे आठवड्याभरातच मला चुकवू लागली. मग दारी येणाऱ्या भाजीवालीला ओट्यावर बसवून, तिच्या गवारीच्या शेंगा मोडता मोडता मी तो नेम पार पाडला. तिला सर्वांत आवडलेली गोष्ट ती ही.

एकदा एका नदीकाठच्या आश्रमात सभामंडप बांधायला काढला. गावातल्या एका व्यापाऱ्याने आपल्या मुलीचे लग्न याच मंडपात लावायचे ठरवले होते. त्याचे घर पेठेतल्या अरुंद बोळात. दारात मांडव घालायला जागा नाही. वरपक्षाचे गाव घाटापलीकडे, आणि मुलीची आजी तर अंथरुणाला खिळलेली. खाटेवरून तिला आश्रमापर्यंत आणता आले असते, घाट ओलांडून नेता आले नसते. मंडप उभा राहिला नाही तर नातीचे लग्न आजीवाचून लागणार, हे सगळ्यांना कळत होते.

बांधकामावर देखरेख होती आश्रमातल्या विश्वंभर नावाच्या शिष्याची. त्याने स्वतः जाऊन आजीला शब्द दिला होता, "आजी, अक्षता पडतील त्या मंडपातच पडतील."

आजी म्हणाली, "पडू देत रे बाबा. छप्पर तेवढं पडू देऊ नकोस."

त्या दिवसापासून विश्वंभराला झोप नाही. सूर्योदयाला स्नान उरकून तो जो निघे, तो प्रत्येकाच्या डोक्यावर जाऊन उभा राही. गवंडी, सुतार, लोहार, कुणाचीच सुटका नाही. तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी, कुठवर आलं? आणि प्रत्येकजण त्याला एकच उत्तर देई, झालंच समजा. हे तीन दिवसांपूर्वीही असेच ऐकले होते, असे म्हणत तो मग गरजे, घाई करा, घाई करा, आणि माणसे घाई करीत. कुंभाराने इतकी घाई केली की मंडपाला भिंती नव्हत्या तेव्हाच छपराची कौले येऊन पडली. आश्रमाची एकुलती एक बैलगाडी दिवसभर कौलेच वाहत होती. अंगणात कौलांचे असे डोंगर झाले, की पूजेची फुले आणायला जाताना लोकांना त्यांना प्रदक्षिणा घालावी लागे. भिंती मात्र कमरेएवढ्याच राहिल्या.

अखेर विश्वंभर आश्रमाच्या वृद्ध गुरुजींपुढे येऊन बसला. सारे मन लावून करतात, मीही करतो, मग काम पुढे का सरकत नाही, असे त्याने विचारले. उद्या सर्व कारागिरांना जेवायला बोलाव, एवढेच गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढून झाली. भाजी आली, भाताच्या मुदी पडल्या, त्यावर वरण आले. गुरुजी मात्र डोळे मिटून, खांद्यावरचे उपरणे मांडीवर पसरून स्वस्थ बसले. ते घास घेईनात, म्हणून कुणीच घेईना. विश्वंभराचा धीर सुटला. तो स्वयंपाकघरात धावला आणि तिथल्यांना घाई करू लागला. लगेच पुऱ्यांची चळत आली. दुसरी भाजी आली. नको नको म्हणताना चटणी पुन्हा वाढून झाली. पाने भरून वाहू लागली, आणि हात सगळ्यांचे मांडीवरच.

सुतार गवंड्याला हळूच म्हणाला, "आपल्या अंगणातल्या कौलांसारखं झालंय हे."

भुकेने व्याकूळ झालेल्या विश्वंभराने शेवटी आचाऱ्याला गाठले, आणि पहिल्यांदाच वेगळा प्रश्न विचारला, "पंगत कशावाचून अडलीय?"

"तुपावाचून," आचारी म्हणाला. "भातावर तूप पडल्याशिवाय जेवायचं कसं? तुपाचं भांडं सकाळीच गुरुजी घेऊन गेले."

विश्वंभर गुरुजींपुढे येऊन उभा राहिला. गुरुजींनी उपरणे बाजूला केले. मांडीवर तुपाचे भांडे होते.

"गुरुजी, मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? तू पुऱ्यांची घाई करत होतास." गुरुजी मंद हसले. "बाळ, दहा पदार्थ तयार असले तरी पंगत अडते ती एकाच पदार्थासाठी. तो सोडून इतरांना घाई करणं म्हणजे भरल्या पानात चटणी वाढणं. 'कुठवर आलं' विचारलंस की माणूस अब्रू राखायला 'झालंच समजा' म्हणतो. 'कशावाचून अडलंय' विचार. आणि जो अडचण सांगेल त्याच्यावर गरजू नकोस, त्याच्या पानात पहिलं तूप वाढ."

मग गवंडी खाकरला आणि म्हणाला, दाराच्या चौकटी बसल्याशिवाय भिंत वर नेता येत नाही. सुताराने मान खाली घालून सांगितले, चौकटी केव्हाच्या तयार आहेत, पण त्यांना भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या नाहीत. सगळे लोहाराकडे पाहू लागले.

लोहार म्हणाला, "भट्टीला कोळसा नाही. डोंगरावर पडून आहे तयार. आणायला गाडी नाही."

"गाडी का नाही?" विश्वंभराने विचारले.

लोहाराने अंगणाकडे बोट दाखवले. बाहेर अंगणात त्या वेळीही कौलांची खेप उतरत होती, तिचा खडखडाट पंगतीपर्यंत ऐकू येत होता.

विश्वंभराने गुरुजींच्या हातून भांडे घेतले आणि मुकाट्याने लोहाराच्या भातावर पहिले तूप वाढले.

तूप वाढून झाल्यावर गुरुजी रीतीप्रमाणे म्हणाले, "होऊ द्या सावकाश."

"गुरुजी, 'सावकाश' तेवढं म्हणू नका," सुतार म्हणाला, "विश्वंभर ऐकतोय." आणि सगळ्यांच्या आधी विश्वंभरच हसला.

दुपारी गाडी डोंगराकडे गेली. गेलेले दिवस काही परत आले नाहीत. खांबांवरचे नक्षीकाम राहून जाईल, हे विश्वंभराने व्यापाऱ्याला त्याच संध्याकाळी जाऊन सांगितले, लग्नाच्या आदल्या दिवशी नव्हे. व्यापाऱ्याने खांबांना आंब्याचे डहाळे आणि झेंडूच्या माळा बांधल्या. लग्नाच्या दिवशी कौले चढलेल्या मंडपात आजीची खाट ठेवली होती. आजीला हात उचलवत नव्हता, म्हणून विश्वंभराने तिचा कोपर धरला, आणि तिच्या अक्षता थेट नातीच्या डोक्यावर पडल्या.

तुम्हीही असा एखादा नेम धरा. दिवसातून एकदा, घरात किंवा कामावर, कुणा एकाला न रागावता विचारा, "कशावाचून अडलंय?" आणि उत्तर येईपर्यंत त्याच्यापाशीच बसा.