थोरल्यांनी पसंत केलेला लॅपटॉप

एका तालुक्याच्या गावात काशिनाथ नावाचा सुतार राहत होता. हात सोन्याचे, जीभ मात्र करवतीची. त्याने बसवलेलं दार वीस वर्षं कुरकुरत नसे. तो स्वतः रोज कुरकुरे.

त्याची मुलगी कस्तुरी इंजिनिअरिंगला लागली, तीही मेकॅनिकलला. भावकीतली पहिलीच. कॉलेजने सांगितलं, लॅपटॉप लागेल. कस्तुरीने सरांना विचारलं, वरच्या वर्गातल्या मुलींना विचारलं आणि काय काय हवं ते कागदावर नीट लिहून काढलं. शेवटी खाली दोन रेघा मारून लिहिलं: ग्राफिक्स कार्ड हवंच.

"बाबा, दुकानात मी पण येते."

"तू कशाला? मोठी माणसं आहेत ना!"

त्या घराची रीतच तशी. म्हैस असो, सोयरीक असो, नाहीतर शिलाई मशीन. पसंत करायला पुरुष जायचे, आणि पुढे अप्पा. अप्पा म्हणजे काशिनाथचे थोरले भाऊ, पंचायत समितीतून रिटायर झालेले. तिथे त्यांच्या टेबलाशेजारी कॉम्प्युटर होता. त्यामुळे त्यांना त्यातलं सगळं कळतं, असं साऱ्या भावकीचं मत होतं. अप्पांचंही होतं.

दोघे भाऊ कस्तुरीचा कागद घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने तो वाचला आणि एक काळा, जाडजूड लॅपटॉप पुढे ठेवला. कीबोर्डखाली लाल दिवे लागत होते.

"लिहिलंय ते यातच मिळेल. गेम खेळणारी पोरंसुद्धा हाच नेतात."

झालं! अप्पांनी डोळे वटारले. "गेम? पोरीला शिकायला धाडतोय, का खेळायला? आणि हा धोंडा तिनं उचलायचा कसा?"

"अहो, ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला हेच कार्ड लागतं..."

"आम्हाला नका शिकवू. तो चंदेरी दाखवा."

चंदेरी लॅपटॉप पातळ होता, पाटीसारखा हलका. काशिनाथने तो तळहातावर तोलला, कडेवरून अंगठा फिरवला. सुताराच्या अंगठ्याला सफाई आवडली. कागदाची घडी खिशात गेली आणि चंदेरी लॅपटॉप घरी आला. त्याला कुंकू लागलं, नारळ फुटला, पेढे वाटले गेले.

कस्तुरीने तो उघडून पाहिला. तिचा चेहराच उतरला.

"बाबा, यात ते कार्ड नाही."

"गेमची थेरं नकोत आपल्या घरात."

"गेमसाठी नाही हो! ड्रॉइंग करायला..."

"अप्पांपेक्षा तुला जास्त कळतं? उर्मट कुठली!"

कस्तुरी लॅपटॉप घेऊन हॉस्टेलला गेली. तिथे व्हायचं तेच झालं. गिअरचं चित्र फिरवायला घेतलं की पडदा थिजायचा. तासभराचं काम पुसून जायचं. कॉलेजची लॅब पाचला बंद. वर्गाची बारा ड्रॉइंग झाली, हिची चार. सरांनी निक्षून सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत बाराही आली नाहीत, तर परीक्षेला बसता येणार नाही."

शनिवारी लॅपटॉपसकट घरी येऊन तिने हे सांगितलं, तर काशिनाथ उसळलाच.

"कोरा करकरीत लॅपटॉप दिला, तरी रडगाणं! अभ्यास नको म्हण की सरळ!"

"दिलात, बाबा. मी मागितलेला नाही दिलात."

काशिनाथने रंधा आपटला. कस्तुरी पाय आपटत आत गेली.

तेवढ्यात अंगणात टेम्पो उभा राहिला. किराणा दुकानवाले सोनटक्के शेठ नवं घर बांधत होते. त्यांनी चौकटींसाठी लाकूड आणलं होतं. काशिनाथने एका फळीत नख रुतवलं. फळी ओली होती.

"हे निवडलं कुणी?"

"आमच्या जावईबापूंनी. पुण्याला असतात. रंग बघा काय सुरेख आहे!"

"रंग काय चाटायचाय? ओलं आहे हे! उद्या वाळून वाकडं होईल, दार लागणार नाही, आणि शिव्या कुणाला? मला! काम मी करणार, मग लाकूड घ्यायला जाताना मला एक हाक मारता आली नाही? जावयाला विचारलंत, आणखी चार जणांना विचारलं असेल. करवत ज्याच्या हातात, त्याला तेवढं विचारलं नाही!"

"पण जावईबापू म्हणजे मोठा माणूस..."

"मोठा असेल त्याच्या घरी!"

चहा घेऊन कस्तुरी दारात उभी होती. तिने कप खाली ठेवला.

"बाबा, मी तरी वेगळं काय म्हणत होते?"

काशिनाथने फळी खाली टाकली. राग मात्र खाली उतरेना. इतका वेळ तो शेठवर होता, पोरीवर होता. आता तो फिरून त्याच्याच उरावर बसला. शेठला तसंच उभं सोडून त्याने लॅपटॉप काखोटीला मारला आणि तडक अप्पांचं घर गाठलं.

अप्पा ओट्यावर चार मंडळींत बसले होते.

"अप्पा, हा परत करतोय. कस्तुरी म्हणेल तो घेणार."

"म्हणजे मी मूर्ख?"

चौघे टक लावून बघत होते. काशिनाथने जन्मात अप्पांना उलट उत्तर दिलं नव्हतं.

"मूर्ख मी, अप्पा. तुम्हाला कळत नव्हतं, मलाही नव्हतं. जिला कळत होतं, तिला घरी बसवून गेलो. वर तिलाच उर्मट म्हणालो."

अप्पा ताडकन उठून आत गेले. पुढे कित्येक दिवस ते त्याच्याशी बोलले नाहीत.

सोमवारी बापलेक दुकानात गेले. चंदेरी लॅपटॉप दुकानदाराने पडेल भावात परत घेतला. काशिनाथने तो तोटा सोसला.

"बोला मालक, कोणता दाखवू?"

"माझ्याकडे काय बघता? तिला विचारा!" असं खेकसून तो बाहेर पायरीवर जाऊन उभा राहिला. आतून कस्तुरीचा खणखणीत आवाज येत होता. ती एकेक गोष्ट खोदून विचारत होती. त्याला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. दोनदा त्याचा पाय आत जायला उचलला. दोन्ही वेळा त्याने तो मागे घेतला.

महिना संपायच्या दोन दिवस आधी तिची बाराही ड्रॉइंग सरांच्या टेबलावर पोचली.

तात्पर्य: जो वापरणार त्याला न विचारता वस्तू निवडणं ही दांडगाईच, मग ती कितीही मायेनं केलेली असो, आणि अशी चूक कळली, की ती चारचौघांत कबूल करायला लाजू नये.