पूजेचा रंग

फार पूर्वी, गाड्यांचे सुटे भाग एकमेकांशी बोलत असत तेव्हा, हणमंत खरातच्या पिकअपचा मागचा, रिव्हर्सचा दिवा लागेनासा झाला.

"मी काय करू? स्विच मला वीजच पाठवत नाही," दिवा म्हणाला.

गिअरबॉक्सला चिकटून तेलाचिखलात बसलेल्या स्विचच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाठवत नाही? खोटारड्या! दसऱ्याला मालकाने तुझ्या बोल्टवरसुद्धा रंग फासलाय, तिथेच वीज अडते!"

"पूजेच्या रंगाला नावं ठेवतोस?" दिवा तोऱ्यात म्हणाला.

हणमंतने अंगणातच गाडीखाली शिरून स्विच काढला, खिळ्यांच्या डब्यात फेकला आणि नवा बसवला. रिव्हर्स टाकून पाहिलं, तरी अंधारच. त्राग्याने त्याने हातातला पाना बंपरवर हाणला. हादऱ्याने दिव्याच्या बोल्टवरच्या रंगाचा पोपडा उडाला आणि दिवा लखकन लागला.

"बघ!" तो दारात उभ्या बायकोला म्हणाला, "तो जुना स्विचच कामचुकार होता."

डब्यातला स्विच संतापाने ओरडला, "अरे दिव्या, आता तरी खरं सांग!"

दिव्याचा उजेड थेट त्या डब्यावर पडला होता. पण दिव्याने हूं की चूं केलं नाही.