दगडाभोवतीचे ठसे

फार जुनी गोष्ट. एका माळाचा मुखिया होता मुंगूस. सभेआधी तो बोलायच्या दगडाभोवतीची माती शेपटीने सारखी करायचा आणि सभा उठली की पायांचे ठसे बघून खूश व्हायचा. ठसे जास्त, तर कारभार चांगला, असा त्याचा हिशेब.

त्या उन्हाळ्यात पाणवठा आटला. मुंगसाने सभेत खणायची जागा सांगितली, सगळ्यांनी माना डोलावल्या, खड्डा कोरडा निघाला. दुसराही तसाच.

पाणी शोधत आलेल्या घोरपडमावशीला तो ऐटीत म्हणाला, "बघा मावशी, अख्खा माळ सभेला येतो."

मावशीने माती न्याहाळली. "येतो खरा. पण बोलायच्या दगडापाशी एकट्या तुझेच ठसे आहेत. बाकीचे आले, बसले, गेले."

मुंगसाच्या मिशा खाली आल्या. त्याने लगेच सभा पुन्हा बोलावली आणि स्वतः मागे जाऊन बसला.

"रानडुकरा, ओल्या मातीचा वास तुला कळतो. पुढे येऊन सांग. साळिंदरदादा, खणायचं कसं ते तुम्ही ठरवा."

मग एकेक जण दगडापाशी येऊन बोलला, आणि ठरल्या जागी खणलं. पाणी लागलं तेव्हा सगळे तिकडे धावले. मुंगूस दगडापाशी आला. तिथल्या ठशांच्या गर्दीत त्याला स्वतःचे सापडेनात. सवयीने त्याने शेपूट उचलली, आणि माती न पुसताच पाण्याकडे निघाला.