दूध सांडायचं पेटंट

एका गावात एक भोळा कॉम्प्युटरवाला राहायचा. नाव महिपती. गावच्या दूध डेअरीसाठी त्याने एक साधा प्रोग्रॅम केला होता. जो आधी आला त्याचं नाव वर, त्याचं दूध आधी मापायचं. बस्स. उन्हाळ्यात खोळंब्याने दूध नासायचं, ते थांबलं. डेअरी चालवणाऱ्या सोनाक्का खूश होत्या.

तेवढ्यात शहरातल्या एका कंपनीची नोटीस आली. आधी येईल त्याला वर घेणं हे आमचं पेटंट आहे, प्रोग्रॅम बंद करा.

सोनाक्का म्हणाल्या, "अहो, रांग तर आमच्या आजेसासूच्या काळापासून आहे."

महिपतीने नोटीस दाखवली तेव्हा गावातले चौबळ वकील म्हणाले, "ती पायांवर उभी असायची. कॉम्प्युटरवर उभी केली की तो शोध होतो."

शिकलीसवरलेली माणसं असं तोंड वर करून बोलतात, आणि पेटंट कचेरी त्यावर शिक्का मारते. प्रोग्रॅम बंद पडला. दूध पुन्हा नासू लागलं.

वकिलांनी महिपतीला बजावलं, "यापुढे काहीही करण्याआधी ते कुणाच्या नावावर आहे का, बघून घेत जा."

महिपती घरी आला. बायकोने ताट वाढलं. हा घास हातात धरून मोबाइलवर शोधत बसला.

"जेवा की," बायको म्हणाली.

"चावणं कुणाच्या नावावर आहे का बघतोय."

भाकरी गार झाली आणि बायको तापली.

हे ऐकून वकिलांनी कपाळाला हात लावला. "अरे, मुळीच बघू नकोस. माहीत असून केलं तर शिक्षा जास्त होते. न बघता करायचं, सगळे तेच करतात."

दुसऱ्या दिवशी महिपती डोळ्यांना रुमाल बांधून डेअरीत आला. चाचपडत कॉम्प्युटर चालू केला आणि सोनाक्कांचा कॅन टाकीऐवजी फरशीवर ओतला.

"अक्कल गहाण ठेवलीस काय रे?"

"वकीलसाहेबांनी सांगितलंय, अक्का."

वकील वैतागले. "आता आपणही पेटंट काढू, म्हणजे कंपनी वचकून राहील. तू जे करतोस तेच जड शब्दांत लिही. शेवटी 'कॉम्प्युटरद्वारे' घाल."

महिपतीने केलं होतं तेच लिहिलं. 'नेत्र झाकून दुग्ध भूमीवर ओतण्याची पद्धत, कॉम्प्युटरद्वारे.' कचेरीतल्या विद्वानांनी ते जाड चष्म्यांतून वाचलं. असं आधी कुणी केल्याचं त्यांना कुठेच सापडेना. पेटंट मंजूर झालं.

वकील म्हणाले, "शाब्बास. पण नुसतं ठेवू नकोस. पेटंट वापरावं लागतं, नाहीतर हातचं जातं."

मग काय. महिपतीने रुमाल बांधला, कॉम्प्युटर लावला आणि अख्ख्या गावाचं दूध फरशीवर सोडलं. नेमका त्याच वेळी पेटंट कचेरीचा साहेब पाहणीला आला. सोनाक्का रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "साहेब, थांबवा हो याला."

साहेबाने बूट भिजू नयेत म्हणून पाय उचलला.

"कसं थांबवणार, बाई? सांडायचा हक्क आहे त्याला. मापायचा नाही."